पिवळ्या शिरांचा पांगारा : ओळख व लागवड

पांगारा हा महाराष्ट्रातील शेतकऱ्यास नवखा वृक्ष नव्हे. कोकणातील कुंपणांत, सह्याद्रीच्या उतारावरील विरळ रानांत आणि पानमळ्यांत वेलीचा आधार म्हणून तो पूर्वापार दिसत आला आहे. माघ-फाल्गुनात त्याची पाने गळून गेलेली असतात आणि उघड्या फांद्यांच्या टोकांशी पोवळ्याच्या रंगाच्या फुलांचे तुरे येतात. त्या दिवसांत त्यावर मैना, कावळे व भोरड्या यांची गर्दी उडालेली असते. याच पांगाऱ्याचा एक प्रकार असा आहे की, त्याच्या पानांच्या शिरा व शिरांलगतचा भाग पिवळा असतो आणि उरलेले पान हिरवे असते. उद्यानांतून आणि बंगल्यांच्या व कचेऱ्यांच्या आवारांतून तो शोभेसाठी लावला जातो. तेथून कोणी एखादी फांदी आणून गावात लावतो आणि दोन-तीन वर्षांत त्याचे झाड होते.

परंतु गावात त्याचे स्वागत निराळ्या रीतीने होण्याचा संभव असतो. पिवळ्या शिरांचे पान दिसताच शेतकऱ्यास प्रथम आठवतो तो भेंडीवरील केवडा. ज्याच्या शेतात भेंडीचे पीक केवड्याने हातचे गेले आहे, त्याला बांधावरचे असे झाड म्हणजे रोगाचे मूळच वाटावे, यात नवल नाही. अशा वेळी गावपातळीवरील कार्यकर्त्यास सल्ला विचारला जातो. त्याने घाईने ‘झाड रोगट आहे, काढून टाका’ असे सांगितले तर एक चांगले झाड विनाकारण तुटते. उलट, खरोखर किडीने ग्रासलेल्या पांगाऱ्यास ‘ही तर शोभेची जात’ असे म्हणून सोडून दिले, तर ती कीड आसपासच्या सर्व पांगाऱ्यांवर जाते. म्हणून या झाडाची नेमकी ओळख असणे अगत्याचे आहे.

पांगारा कसा ओळखावा

प्रथम झाड पांगाऱ्याचेच आहे, याची खात्री करून घ्यावी. पांगाऱ्याचे पान तीन दलांचे असते. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण सर्वांच्या तोंडी असली तरी तीन दलांचा मान एकट्या पळसाचा नाही. त्यामुळेच या दोन झाडांची गल्लत होते. पळसाची दले जाड, चामड्यासारखी व खरखरीत असतात आणि त्याच्या अंगावर काटे नसतात. पांगाऱ्याची दले पातळ व मऊ असून मधले दल इतर दोहोंपेक्षा मोठे व रुंद असते. कोवळ्या फांद्यांवर व तरुण खोडावर आखूड, शंकूच्या आकाराचे काळपट काटे असतात. जुन्या खोडावरील काटे पुढे झडून जातात, म्हणून काटे पाहावयाचे ते फांद्यांवर. सावरीच्या खोडावरही काटे असतात व तिलाही लाल फुले येतात. परंतु सावरीचे पान हाताच्या पंजासारखे पाच ते सात दलांचे असते.

फुलाचा काळ असेल तर ओळख अधिक सोपी होते. पांगाऱ्याच्या फुलाची एक पाकळी इतरांपेक्षा पुष्कळ मोठी असून सुमारे पाच-सहा सेंटिमीटर लांब भरते. फुलाखालचे बाह्यकोश कळी उमलताना एका बाजूने पार बुडापर्यंत फाटते, ही खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. डोंगराळ भागात पांगाऱ्याची जी दुसरी एक जात आढळते, तिची साल बुचासारखी जाड व भेगाळलेली असते आणि तिचे बाह्यकोश असे फाटत नाही. त्याचे दोन ओठ होतात. शेंग बियांच्या जागी फुगीर व मध्ये आवळलेली असते. बिया तांबूस रंगाच्या असून त्यांत विषारी द्रव्ये असतात. शाळेच्या आवारात झाड असेल तर मुलांना या बिया तोंडात घालू देऊ नयेत.

नावावर फार विसंबून राहू नये. संस्कृत ग्रंथांत पांगाऱ्यास पारिभद्र, मंदार व पारिजात अशी नावे आढळतात. पण मराठीत पारिजात म्हटले की प्राजक्त समजला जातो आणि मंदार म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे पांढरी रुई उभी राहते. रोपवाटिकेत ‘मंदार’ मागितला तर काय हाती येईल ते सांगता येत नाही. शास्त्रीय नाव एरिथ्रिना व्हेरिएगाटा असे आहे. यातील पहिला शब्द लाल रंग दाखविणाऱ्या ग्रीक शब्दावरून आलेला आहे. दुसऱ्या शब्दाचा अर्थ चित्रविचित्र रंगांचा असा होतो. लिनियसच्या नावे हे नाव १७५४ पासून चालत आले आहे. ते देताना समोर होते अंबोन बेटावरील वनस्पतींचे वर्णन, आणि विशेषण पडले ते बागेत लावल्या जाणाऱ्या रंगीत पानांच्या झाडावरून. त्यामुळे रानातील संपूर्ण हिरव्या पानांच्या पांगाऱ्यासही आज शास्त्रात ‘चित्रविचित्र’ हेच नाव लागू आहे! तेव्हा केवळ शास्त्रीय नाव पाहून रोप घेतल्यास पिवळ्या शिरांचेच झाड मिळेल, असे नाही. पान पाहूनच रोप घ्यावे.

रंग आणि रोग यांतील भेद

केवडा हा शब्द शेतकरी दोन अगदी निराळ्या विकारांस लावतात, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. चुनखडीच्या जमिनीत लोह न मिळाल्याने ऊस किंवा भुईमूग पिवळा पडतो, त्यासही केवडा म्हणतात. या विकारात कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि शिरांमधील भाग पिवळा पडतो. पिवळ्या शिरांच्या पांगाऱ्यात याच्या बरोबर उलट असते. त्याच्या शिरा पिवळ्या व शिरांमधील भाग हिरवा असतो. एवढे एक पाहिले तरी लोहाच्या कमतरतेचा प्रश्न निकालात निघतो आणि झाडावर हिराकस फवारण्याचा खर्च वाचतो.

भेंडीवरील केवड्याचे मात्र तसे नाही. तो विषाणूचा रोग असून पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि त्यात शिराच पिवळ्या पडतात. दिसण्यात साम्य आहे ते येथेच. हे साम्य फसवे आहे. म्हणून एका पानावर निर्णय न देता सबंध झाड पाहावे. भेंडीचे झाड आधी निरोगी असते आणि पुढे केव्हा तरी नव्या पानांवर पिवळेपणा दिसू लागतो. मग पाने लहान राहतात, झाड खुरटते आणि फळे पिवळट व निबर होतात. पांगाऱ्यात पान उमलते तेच पिवळ्या शिरा घेऊन. ते सपाट असते, चुरडलेले नसते, आणि आकाराने पुरेसे मोठे होते. त्याच झाडाची गेल्या वर्षीची पानेही तशीच होती, असे मालक सांगतो. पिवळा पट्टा मधल्या शिरेपासून बाजूच्या शिरांवर नियमाने पसरलेला असतो, जणू कोणी कुंचल्याने शिरा रंगविल्या आहेत. शेजारी हिरव्या पानांचा पांगारा असेल तर तो वर्षानुवर्षे हिरवाच राहतो, ही सर्वांत खात्रीची खूण होय. रोग असता तर तो शेजाऱ्याकडे गेला असता.

या रंगाचे कारण एवढेच की, त्या पट्ट्यांतील पेशींत हरितद्रव्य फार थोडे असते. हरितद्रव्य कमी म्हणजे अन्न तयार करण्याची शक्तीही कमी. म्हणून हे झाड हिरव्या पांगाऱ्याइतक्या जोमाने वाढत नाही. ज्यास झटपट वाढणारे कुंपण हवे आहे, चाऱ्यासाठी पाला हवा आहे किंवा पानवेलीस आधार हवा आहे, त्याने साधा हिरवा पांगाराच लावावा. पिवळ्या शिरांचे झाड हे शोभेसाठी व हलक्या सावलीसाठी आहे, हे त्यास स्पष्ट सांगावे.

फांदीपासून लागवड

बियांपासून येणारी रोपे पिवळ्या शिरांची निघतील असा भरवसा नसतो. आईबापांचा रंग मुलांत उतरलाच पाहिजे असा नियम येथे चालत नाही. तेव्हा लागवड करावयाची ती फांदी लावूनच.

आता यात एक अडचण अशी आहे की, फांद्या तोडण्याचा योग्य काळ म्हणजे झाड निष्पर्ण असतानाचा व फुले येऊन गेल्यानंतरचा, म्हणजे सामान्यतः मार्च महिना. आणि त्या वेळी झाडावर पानच नसल्यामुळे कोणती फांदी पिवळ्या शिरांची व कोणती हिरवी हे कळत नाही. या झाडावर अधूनमधून संपूर्ण हिरव्या पानांची फांदी फुटते. ती इतर फांद्यांपेक्षा जोमदार, सरळ व जाड असते. लावणीसाठी फांदी निवडणारा मनुष्य साहजिकच तीच तोडतो. मग दोन वर्षांनी तक्रार येते की, शोभेचे म्हणून लावले आणि झाड साधेच निघाले. दोष रोपवाटिकेस किंवा जमिनीस दिला जातो. वस्तुतः चूक फांदी तोडतानाच झालेली असते. यावर उपाय सोपा आहे. पाने झाडावर असतानाच, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ज्या फांद्यांवर टोकापासून बुडापर्यंत सर्व पाने ठळक पिवळ्या शिरांची आहेत, त्यांना सुतळी बांधून किंवा चुन्याचा पट्टा ओढून खूण करून ठेवावी. मार्चमध्ये खुणेच्या फांद्याच तोडाव्यात. सुतळी सैल बांधावी, नाहीतर फांदी जाड होताना ती सालीत रुतते.

मोठ्या झाडासाठी मनगटाएवढी जाड, दीड ते दोन मीटर लांबीची, पक्व व सरळ फांदी घ्यावी. थोडी रोपे पिशवीत करावयाची असतील तर अंगठ्याएवढ्या जाडीचे, वीत-दीड वीत लांबीचे तुकडे पुरतात. धारदार कोयत्याने एका घावात तोड घ्यावी. साल पिचता कामा नये. खालचे टोक सपाट व वरचे टोक तिरपे तोडण्याची सवय ठेवावी. यात दोन गोष्टी साधतात. वरच्या तिरप्या तोंडावर पावसाचे पाणी साचत नाही आणि लावताना उलटसुलट होत नाही. निष्पर्ण फांदी उलटी पुरली जाण्याचा प्रकार हास्यास्पद वाटला तरी तो घडतो, विशेषतः मजुरांकडे एकदम पुष्कळ फांद्या सोपविल्या असता. वरच्या तोंडास बोर्डो मलम लावावे. ते नसेल तर शेण व मातीचा काला लिंपावा.

तोडलेली फांदी लगेच ओल्या जमिनीत पुरू नये. पांगाऱ्याचे लाकूड मऊ व रसदार असल्यामुळे ताजी जखम ओलीत गेली की ती कुजते. केरळातील मिरीचे बागाईतदार आधाराच्या फांद्या मार्च-एप्रिलमध्ये तोडून सावलीत रचून ठेवतात. मे महिन्यात त्यांना डोळे फुटू लागतात आणि मग पावसाच्या सुमारास त्या लावल्या जातात. हीच पद्धत येथेही चालते. फांद्या झाडाखाली किंवा छपरात, जमिनीपासून थोड्या उंचावर, आडव्या ठेवाव्यात. ऊन लागू देऊ नये. वळवाचा एखादा पाऊस होऊन गेला की लावणी करावी. वृक्षारोपणाच्या सप्ताहाची, म्हणजे जुलैची वाट पाहत बसल्यास भारी जमिनीत पाणी साचलेले असते व पुष्कळ फांद्या कुजतात.

खड्डा सुमारे पाऊण हात रुंद व तितकाच खोल असावा. काळ्या जमिनीत त्यात निम्मी वाळू किंवा मुरूम मिसळावा. मोठी फांदी एक ते सव्वा फूट खोल पुरून भोवतालची माती पायाने घट्ट दाबावी, कारण वाऱ्याने ती हलत राहिली तर फुटलेली कोवळी मुळे तुटतात. फांदीस पालवी फुटली म्हणजे ती जगली, अशी समजूत करून घेऊ नये. फांदीत साठलेल्या अन्नावरच पहिली पालवी येते. मुळे धरली की नाही हे पुढे पावसात ताण पडला असता कळते. पहिल्या उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाणी द्यावे. मागाहून फारशी जरूर राहत नाही. नत्रखत घालण्याचेही कारण नाही. पांगारा हा शेंगावर्गातील असून त्याच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमवितात.

जागा भरपूर उन्हाची निवडावी. दाट सावलीत झाड लांबट वाढते आणि पिवळा रंग फिका पडतो. अतिशय कोरड्या व तप्त वाऱ्याच्या जागी मात्र पिवळ्या भागाच्या कडा करपतात. अशा भागात पश्चिमेस दुसऱ्या झाडाचा थोडा आडोसा असलेला बरा. समुद्रकाठची रेताड जमीन व खारे वारे हे झाड चांगले सोसते.

झाड वाढू लागल्यावर वर्षातून दोनदा तरी त्याच्याकडे नीट पाहावे. हिरव्या पानांची फूट दिसताच ती जेथून निघाली तेथून मुळासकट काढावी. नुसता शेंडा खुडल्यास ती अधिकच फोफावते. ही हिरवी फूट तशीच राहू दिली तर ती जोमाच्या बळावर वरचा प्रकाश बळकावते आणि काही वर्षांत सबंध झाड हिरवे झाल्यासारखे दिसते.

सावलीचा हिशेब

पांगाऱ्याची सावली सर्व ऋतूंत मिळत नाही, ही गोष्ट लावण्यापूर्वीच सांगितली पाहिजे. थंडीत पाने गळतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये फुले येतात आणि नवी पालवी एप्रिलच्या आगेमागे फुटते. म्हणजे मार्चच्या उन्हात झाडाखाली बसणाऱ्यास फुले दिसतील, पण सावली मिळणार नाही. एस. टी.च्या थांब्यापाशी किंवा बाजाराच्या ओट्यावर, जेथे उन्हाळ्याच्या आरंभापासून सावली हवी, तेथे कडुनिंब किंवा करंज अधिक उपयोगी. उलट घराच्या अंगणाकडेला किंवा गोठ्यापुढे, जेथे थंडीत कोवळे ऊन आत यावे व मे महिन्यात ते अडावे अशी इच्छा असते, तेथे पांगारा शोभतो. कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी पांगारा लावतात, त्यामागे त्याची हलकी सावली व भराभर वाढ हेच कारण आहे.

लाकूड हलके व ठिसूळ असते. जाळ्यांचे तरंग करण्यास ते योग्य असले, तरी तोच हलकेपणा वादळात घातक ठरतो. फांदीपासून वाढविलेल्या झाडास सोटमूळ नसते, त्यामुळे भिजलेल्या जमिनीत जोराच्या वाऱ्याने ते उन्मळण्याचेही भय असते. शाळेचे कौलारू छप्पर, विजेच्या तारा, विहिरीचे काठ आणि मोटारींचा रस्ता यांपासून ते निदान आठ-दहा मीटर दूर असावे. दरवर्षी फुले संपताच लांब व जड फांद्या छाटाव्यात. ही छाटणी थंडीत केल्यास त्या वर्षीची फुले जातात. मार्चच्या छाटणीतून लावणीसाठी फांद्याही मिळतात, आणि नंतरच्या हिरव्या पालवीचा पाला शेळ्यांस घालता येतो.

गाठींची कीड

पांगाऱ्यावर आज सर्वांत मोठे संकट आहे ते एका बारीक किडीचे. गांधीलमाशीच्या कुळातील ही माशी जेमतेम एक ते दीड मिलिमीटर लांब असते. शास्त्रज्ञांनी तिचे वर्णन प्रथम २००४ मध्ये केले. त्यानंतर थोड्याच वर्षांत ती आशियातील अनेक देशांत व पॅसिफिक बेटांवर पसरली. भारतात ती २००६ च्या सुमारास केरळात नोंदली गेली. तेथे मिरीच्या वेलींना पांगाऱ्याचा आधार असल्यामुळे झाडे वाळू लागली तशा वेलीही आधारावाचून पडल्या. एका झाडावरील किडीने दुसऱ्याच पिकाचे नुकसान व्हावे, असा हा प्रकार आहे.

मादी कोवळ्या पानांत, देठांत व शेंड्यांत अंडी घालते. आत अळी वाढू लागली की तो भाग फुगून गाठ येते. पान चुरडते, देठ जाड व वाकडा होतो, शेंडा खुंटतो आणि उपद्रव वाढल्यास सारी पाने गळतात. गाठ चिरून पाहिल्यास आत पांढरट अळी सापडते. माशी बाहेर पडून गेली असल्यास गाठीवर सुईच्या टोकाएवढे गोल भोक दिसते. पिवळा रंग आणि ही गाठ यांत गोंधळ होण्याचे कारण नाही. पान हातात घेऊन शिरेवरून बोट फिरवावे. नुसता रंग असेल तर शीर गुळगुळीत लागेल, कीड असेल तर बोटास फुगवटा जाणवेल.

सुमारे तीन आठवड्यांत एक पिढी पुरी होत असल्यामुळे उशीर करून चालत नाही. गाठी आलेले शेंडे दिसताच ते तोडून त्याच जागी जाळावेत किंवा खोल पुरावेत. तोडलेला पाला बैलगाडीने उकिरड्यावर नेऊ नये, कारण वाटेतच माशा बाहेर पडतात. असा पाला शेळ्यांसाठी दुसऱ्या वस्तीवर पाठवू नये. फुलांच्या दिवसांत विषारी औषध फवारू नये; मधासाठी मधमाश्या व पक्षी त्या वेळी झाडावर असतात. हवाई बेटांवर २००८ मध्ये या किडीच्या अळीवर जगणारी आफ्रिकेतील एक परोपजीवी माशी सोडण्यात आली व तेथे तिचा उपयोग झाला. पण असा उपाय शेतकऱ्याने आपल्या हाती घेण्याजोगा नाही. त्याच्या हाती आहे ते एवढेच की, परगावाहून, विशेषतः दक्षिणेकडील मिरी व कॉफीच्या मुलखातून, पानांसह फांदी आणू नये. आणावयाचीच झाल्यास ती पूर्ण निष्पर्ण, पक्व लाकडाची व शेंडा छाटलेली असावी, आणि लावल्यावर पहिल्या पालवीची पाने दर आठवड्यास बोटांनी चाचपून पाहावीत.